१५०/३५ चार्ज कंट्रोलर, चौदा महिने वापरून: व्होल्टला माया सोडा

चौदा महिने हा डबा, म्हणजे छतावरच्या सोलर पॅनलांची वीज बॅटरीला झेपेल अशी करून देणारा चार्ज कंट्रोलर, माझ्या शिवणखोलीच्या भिंतीवर आहे. एक हिवाळा आणि एक पूर्ण उन्हाळा त्याने काढला, म्हणून आता लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव देत नाही. याच्या आधीचा कंट्रोलर दुसऱ्या कंपनीचा होता आणि तो माझ्या हातून गेला; एकीचं नाव घेऊन दुसरीचं झाकायचं हे बरं दिसत नाही. शिवाय खाली जे लिहिलंय ते अशा आकड्यांच्या कुठल्याही एमपीपीटी (पॅनलकडून जास्तीत जास्त वॅट काढून घेणाऱ्या) कंट्रोलरला लागू आहे.

माझा लोड आधी सांगते. मोटरची दोन मशिनं, एक ओव्हरलॉक, दोन पंखे, दिवे. इस्त्री सोलरवर नाही, तिचं नाव काढू नका. बॅटऱ्या २०० अँपिअर-तासाच्या दोन, सिरीजला (एकीला पुढे दुसरी, म्हणजे व्होल्टची बेरीज होते) जोडून २४ व्होल्ट. छतावर ५४० वॅटची दोन पॅनलं.

डब्यावर १५०/३५ असं छापलेलं असतं. पहिला आकडा व्होल्टचा: पॅनलकडून आत येणारं व्होल्टेज याच्या वर कधीच जाता कामा नये. दुसरा अँपिअरचा, आणि इथेच मी पहिल्यांदा फसले. मला वाटायचं हे पॅनलचे अँपिअर. नाही. हे बॅटरीकडे बाहेर पडणारे अँपिअर. आत ८० व्होल्ट आणि १२ अँपिअर येतात, बाहेर २७ व्होल्ट आणि साधारण ३५ अँपिअर पडतात. गुणाकार करून बघा, दोन्हीकडे साडेनऊशेच्या आसपास वॅट. मशीनच्या मोटरची लहान पुली भरभर फिरते आणि मोठं चाक हळू पण जोराने, तसंच. पॅनलच्या बाजूला किती अँपिअर चालतील ते वेगळं, माहितीपत्रकात आत कुठेतरी शॉर्ट सर्किट करंट (पॅनलची दोन टोकं थेट जोडली तर वाहील तो) म्हणून दिलेलं असतं. माझ्या डब्याला ते ४० आहे.

आता आधीच्या कंट्रोलरची गोष्ट, कारण हा का घेतला ते त्याशिवाय कळणार नाही.

तो १००/३० होता. तेव्हा ३३० वॅटची, साठ सेलची (सेल म्हणजे पॅनलमधले वीज करणारे छोटे तुकडे) दोन पॅनलं होती आणि ती पॅरलल, म्हणजे व्होल्ट तेच राहून अँपिअरची बेरीज होईल अशी, जोडलेली होती. हिवाळ्यात सगळं छान. उन्हाळा आला आणि भर दुपारी, म्हणजे जेव्हा सगळ्यात जास्त मिळायला हवं तेव्हाच, चार्जिंग मरगळायचं. बॅटऱ्या २८.८ व्होल्टला, म्हणजे पूर्ण चार्जिंगच्या आकड्याला, पोचायच्याच नाहीत. मी पॅनलं पुसली, वायरी घट्ट केल्या, बॅटऱ्यांत पाणी घातलं. काही उपयोग नाही. मग पॅनलच्या पाठीमागचं लेबल नीट वाचलं. चालू असताना त्याचं व्होल्टेज ३४, पण ते सेल २५ अंशांवर असताना. भर उन्हात छतावरचे सेल ६५ला सहज जातात आणि हे ३४ घसरून २९वर येतात. बॅटरीला हवेत २८.८, वर कंट्रोलरला स्वतःला एखादा व्होल्ट, वायरीत थोडा जातो तो वेगळा. उरलं काय? पॅनल तापलं की माझी गाडी चढावर येऊन थांबायची.

दोन्ही पॅनलं सिरीजला घेतली, तो त्रास त्याच दिवशी संपला. दोन्हींचं उघडं व्होल्टेज, म्हणजे काहीही न जोडता मोजलेलं, ४०.९ आणि ४०.९ मिळून ८१.८. १००च्या खूप आत. तीन वर्षं कुणाला त्या कंट्रोलरची आठवण झाली नाही. चांगल्या उपकरणाला याहून मोठी दाद कुठली?

मग एका पॅनलची काच फुटली. मी ठरवलं की आता एकदाच मोठी घ्यावीत, आणि ५४०ची दोन आणली. बसवायला आलेल्या माणसाने लेबल बघितलं, बोटांवर हिशोब केला आणि म्हणाला, ‘‘ताई, एकोणपन्नास पूर्णांक पाच दुणे नव्याण्णव. शंभराच्या आत. टाका सिरीजला.’’

मी शिवणकाम करते. गिऱ्हाइकाची छाती छत्तीस भरली म्हणून मी कापड छत्तीस कापत नाही. माया सोडते. हे मला हात लावताक्षणी कळतं, आणि त्या दिवशी मात्र ९९ आणि १००च्या मधल्या एका व्होल्टकडे बघून मी मान हलवली. पुढे तो आठवडे, महिने चालला आणि मी विसरले.

एका सकाळी दाट धुकं होतं. बाहेर ८ अंश, पॅनलवर दव. नऊच्या सुमारास पडदा ओढावा तसं धुकं बाजूला झालं आणि एकदम लख्ख ऊन पडलं. मी काज करत होते. भिंतीकडून ‘टक्’ असा आवाज आला, बटण तुटल्यासारखा. मागोमाग जळक्या बॅकेलाइटचा वास. डिस्प्ले काळा. दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवलं: आतला मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा भाग) शॉर्ट, एक कपॅसिटर वरून फुगलेला. त्याने एकच प्रश्न विचारला, ‘‘पॅनलं किती व्होल्टची लावलीत?’’ मी सांगितलं. त्याने डबा परत बंद केला. वॉरंटीत हे बसत नाही. आणि का बसावं? १०० म्हणजे १०० असं त्यांनी डब्यावर लिहिलेलंच होतं.

काय झालं होतं ते मी नंतर वहीत मांडलं. पॅनलच्या लेबलवर ज्या ४९.५ व्होल्टचा उल्लेख असतो तो २५ अंश सेल आणि १००० वॅट प्रति चौरस मीटर ऊन धरून. सेल गार झाला की व्होल्टेज वाढतं. माझ्या पॅनलचा गुणांक दर अंशाला ०.२८ टक्के. २५ उणे ८ म्हणजे १७ अंश. १७ गुणिले ०.२८ म्हणजे ४.७६ टक्के. ९९ वर ते चढवलं की १०३.७. पहाटेच्या मंद उजेडात व्होल्टेज थोडं कमी भरतं, म्हणून रोजच्या थंडीत तो कसाबसा तगला असणार. पण गारठलेल्या पॅनलवर एका क्षणात पूर्ण ऊन पडणं, आणि कंट्रोलरने अजून ओढायला सुरुवात केलेली नसणं, हे दोन्ही त्या सकाळी जमून आलं. पॅनल तापायला काही मिनिटं लागतात. मॉसफेट जायला तेवढी लागत नाहीत.

माझा विश्वास आकड्यावर बसेना, म्हणून पुढच्या धुक्याच्या सकाळी मी मीटर घेऊन बसले. पॅनलचा डीसी एमसीबी (वीज तोडणारा स्विच) खाली पाडलेला, मीटरच्या सुया पॅनलकडच्या टोकांवर, अंगावर शाल. (हे १०० व्होल्ट डीसी आहे, झटका बसला तर सुटत नाही. हात कोरडे, सुया धड असतील तरच करा.) धुक्यात ९३, ९४ असं रेंगाळत होतं. ऊन आलं आणि १०२.४. माझ्या डोळ्यांसमोर. दहा मिनिटांत उतरून ९७ वर आलं. दुपारी बाराला तीच पॅनलं, तेच मीटर, त्याच सुया: ८९. दुपारी मोजून कुणी म्हणालं असतं की अकरा व्होल्ट शिल्लक आहेत, तर मी पुन्हा मान हलवली असती.

म्हणून १५०/३५.

या डब्याचं माझ्या पॅनलांशी कसं जमतं ते सांगते. व्होल्टचा हिशोब आता शून्य अंशाला केला तरी ९९ वर ७ टक्के, म्हणजे १०६. वर ४४ व्होल्टची माया. वॅटचा हिशोब उलट आहे. ३५ अँपिअर गुणिले २८.८ म्हणजे १००८ वॅट, आणि छतावर आहेत १०८०. म्हणजे पॅनलं कंट्रोलरपेक्षा मोठी. माझ्या दिराने हे बघितलं आणि लगेच म्हणाले, ‘‘वहिनी, परत जास्तच झालं की!’’ त्यांना बसवून समजवावं लागलं.

वॅट जास्त झाले तर एमपीपीटी कंट्रोलर मरत नाही. तो पॅनलकडून ओढणं कमी करतो. पॅनलचा जो सगळ्यात फायद्याचा बिंदू असतो तिथून मुद्दाम सरकतो, व्होल्टेज थोडं वर जाऊ देतो, करंट कमी घेतो, आणि बाहेर ३५ वर अडून बसतो. वरची वीज तयारच होत नाही, पॅनल तेवढं जास्त तापतं, इतकंच. पॅनल काही ढकलत नाही, कंट्रोलर घेईल तेवढंच देतं. व्होल्टचं तसं नाही. पॅनलवर ऊन पडलं की व्होल्टेज टोकांवर येऊन उभं राहतं, कुणी मागो न मागो.

आणि १०८० म्हणजे १०८० मिळतात असंही नाही. तापलेलं पॅनल, थोडी धूळ, उन्हाचा तिरपा कोन; उन्हाळ्यातल्या स्वच्छ दुपारी माझ्याकडे साडेआठशेच्या आसपास येतात. ३५.० हा आकडा चौदा महिन्यांत मी मोजक्या वेळा पाहिला. सगळ्यात मजेशीर म्हणजे पावसाळ्यात, दोन ढगांच्या मधून ऊन उतरताना: ढगाच्या कडेवरून परतलेला उजेडही पॅनलवर पडतो आणि पॅनल तर नुकतंच पावसाने गार झालेलं. त्या दोन मिनिटांत आलेख वर जाऊन सुरीने कापल्यासारखा सपाट होतो. तेवढं वाया जातं. मला त्याचं दुःख नाही, कारण त्याच मोठ्या पॅनलांमुळे मळभ असताना, सकाळी आठला, संध्याकाळी पाचला मशीन चालण्याइतके अँपिअर येतात, जे ३३०च्या जोडीला यायचे नाहीत.

खोक्यावर मात्र ‘२४ व्होल्टला कमाल १००० वॅट’ असं ठळक छापलंय, आणि १५० व्होल्टची अट बाजूच्या तक्त्यात, मुंगीएवढ्या अक्षरात. नेमकं उलट हवं होतं. हजार ओलांडले तर काही बिघडत नाही, दीडशे ओलांडले तर डबा फेकावा लागतो. या छपाईसाठी मी अर्धा तारा कापतेय.

पीडब्ल्यूएम, म्हणजे दुसऱ्या, साध्या प्रकारचा कंट्रोलर असेल तर वरचं वॅटचं बोलणं विसरा. तो गुणाकार करत नाही, पॅनलचे अँपिअर जसेच्या तसे बॅटरीत सोडतो, म्हणून तिथे पॅनलचा शॉर्ट सर्किट करंट डब्यावरच्या अँपिअरच्या चांगला खाली हवा. आणि साठ सेलचं पॅनल पीडब्ल्यूएमने १२ व्होल्टच्या बॅटरीला लावलं तर ३३० वॅटमधले सव्वाशे-दीडशेच हाती लागतात. जमतं, पण रेशमी कापडाची पायपुसणी शिवल्यासारखं आहे.

मोबाइलवर दिसणारा इतिहास ही या कंट्रोलरची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. रोजचे वॅट-तास, बॅटरीचं किमान-कमाल, आणि त्या दिवशी पॅनलचं व्होल्टेज जास्तीत जास्त किती गेलं ते. गेल्या हिवाळ्यातला माझा सगळ्यात मोठा आकडा १०३.१. वहीतल्या १०३.७ च्या इतका जवळ आलेला बघून मला एखादा ब्लाऊज पहिल्याच फेरीत बसावा तसं वाटलं. जुन्या डब्यात ही सोय असती तर धुक्याच्या आधीच्या एखाद्या सकाळी ९९.६ वगैरे दिसलं असतं आणि मी जागी झाले असते. नवीन घेताना ही नोंद आहे का ते जरूर बघा.

तक्रारी आहेत. वायरींचे स्क्रू उथळ आहेत. १६ चौरस मिलिमीटरची वायर बसते म्हणतात, बसते, पण तारा पसरू न देता आत घालणं म्हणजे म्हाताऱ्या डोळ्यांनी सुई ओवणं. महिन्याभराने पुन्हा आवळले तेव्हा एक स्क्रू अर्धा वळसा फिरला. ब्लूटूथ पुढच्या खोलीत गेलं की तुटतं.

उष्णतेचंही सांगायला हवं. ३५ अँपिअर हे ४० अंशांपर्यंत. मी हौसेने त्याला लाकडी कपाटात बसवलं होतं, धूळ आणि दोरे जाऊ नयेत म्हणून. उन्हाळ्यात दुपारी आकडा २८वर येऊन थांबायचा आणि मी पॅनलांना दोष देत होते. कपाटाचं दार उघडलं की दहा मिनिटांत वर चढायचा! शेवटी कपाट काढलं, उघड्या भिंतीवर उभा लावला, वर-खाली वीतभर जागा मोकळी. दोऱ्यांचं म्हणाल तर आठवड्यातून एकदा ब्रश फिरवते.

बॅटरीला किती अँपिअर झेपतात हेही या जुळवणीतच येतं, पण माझं सोपं होतं. २०० अँपिअर-तासाच्या बॅटरीला ३५ म्हणजे साडेसतरा टक्के. माझ्या बॅटरीच्या पत्रकात २० पर्यंत चालतं असं आहे, आणि दिवसा मशिनं त्यातलेच दहा-बारा खातात. तुमची बॅटरी लहान असेल तर कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये अँपिअर कमी करून ठेवता येतात. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल. एमसीबी डीसीचाच घ्या, घरातला एसीचा इथे ठिणगी विझवू शकत नाही.

तर हे सगळं शिकून झाल्यावर दीर परवा पुन्हा आले. जुन्या जोडीतलं ३३०चं एक धड पॅनल अडगळीत पडलंय ते त्यांना बघवत नाही. ‘‘वहिनी, आता तर दीडशेचा आहे. तिघं सिरीजला टाकू. नव्याण्णव आणि एक्केचाळीस, एकशे चाळीस. दहा व्होल्ट शिल्लक.’’

मी वही पुढे सरकवली. ‘‘भावजी, तुम्हीच मांडा. शून्य अंश धरा.’’

त्यांनी मांडलं. १३९.९ वर सात टक्के. १४९.७. बराच वेळ आकड्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘आत आहे ना पण?’’

आत आहे. तीन दशांश व्होल्टने. शिवाय ते लहान पॅनल दहाच अँपिअर देणार. सिरीजमध्ये एकाचा करंट कमी तर मोठ्या दोघांनाही त्याच्याच चालीने चालावं लागतं, नाहीतर त्या लहान्याला बायपास डायोडने (करंटला आडवाटेने नेणाऱ्या भागाने) वगळून पुढे जावं लागतं. म्हणजे जीव धोक्यात घालून मिळकत शून्य. पॅनल वाढवायचंच असेल तर ५४०ची अजून एक जोडी सिरीज करून पॅरलल लावता येईल: व्होल्ट तेच ९९, शॉर्ट सर्किट करंट १३.८५च्या दुप्पट, २७.७, आणि डब्याची मर्यादा ४०. कंट्रोलर तेव्हाही १००८ वरच थांबेल, पण मळभात मजा येईल. सध्या गरज नाही.

पाचपैकी चार तारे. अर्धा खोक्यावरच्या छपाईचा गेला, अर्धा त्या स्क्रूंचा.

भावजींचं ३३०चं पॅनल शेवटी त्यांच्याच शेडवर गेलं, १२ व्होल्टच्या एका बॅटरीला, ७५/१५ च्या छोट्या कंट्रोलरवर. उघडं व्होल्टेज ४०.९, मर्यादा ७५. वॅटच्या बाजूने १५ गुणिले १४.४, म्हणजे २१६ वॅटचा कंट्रोलर आणि त्याच्या डोक्यावर ३३०चं पॅनल. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला: सकाळी दहापासून आकडा १५.० वर चिकटलाय, हलत नाही, बिघडला का?